सेक्स थेरपी शिकायची म्हणजे नेमकं काय शिकायचं?

मागच्या महिन्यात एक मुलगी भेटायला आली, नागपूर विद्यापीठातून सायकॉलॉजीत एम.ए. झालेली, आणि बसल्या बसल्याच तिने विचारलं, "मॅडम, सेक्स थेरपीचा कोर्स कुठे असते, किती महिन्यांचा, फी किती?" प्रश्न सरळ होता पण उत्तर द्यायला मला दीड तास लागला आणि तरी अर्धं राहिलंच. हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनेही माझ्याकडे येत असतो, पेशंटकडून, फक्त ते असं विचारत नाहीत, ते म्हणतात "आधी तिघांकडे जाऊन आलो मॅडम, पैसे गेले, तुमच्याकडे तरी होते का बरं?" दोघांनाही खरं तर एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, की ह्या कामाचं काही शिक्षण असतं का आणि असलं तर त्यात काय शिकवतात. म्हणून एकदा नीट लिहून काढते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नागपूरला धंतोलीत बसते, आणि हे काम शिकायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली.

आधी एक गैरसमज दूर करते. सेक्स थेरपी ही बोलण्याची थेरपी आहे. दोन-तीन खुर्च्या, दार लावलेलं, मोबाईल बंद, बस. इथे कोणी कपडे काढायला सांगत नाही, थेरपिस्ट पेशंटला हात लावत नाही, काही करून दाखवा म्हणत नाही. शारीरिक तपासणी लागलीच तर ती डॉक्टर करतात, त्यांच्या दवाखान्यात, नर्स सोबत उभी असताना. जे काही करून बघायचं असतं ते जोडपं आपल्या घरी करतं आणि पुढच्या वेळी येऊन सांगतं. ह्याच्या बाहेरचं कोणी काही सुचवलं तर तिथून सरळ उठायचं, मग बोर्डावर कितीही डिग्र्या लिहिलेल्या असोत.

आता कोर्सचं. बारावी झाली आणि सेक्स थेरपीला ॲडमिशन घेतली असं कुठेच नसतं, हे शिक्षण आधीच्या एका शिक्षणाच्या वर चढवायचं असतं. म्हणजे आधी तुम्ही काहीतरी एक झालेले पाहिजे: एमबीबीएस करून तीन वर्षांचं मानसोपचाराचं एमडी, किंवा स्त्रीरोग, किंवा युरॉलॉजी, नाहीतर क्लिनिकल सायकॉलॉजी, ज्याचा आपल्याकडे बरीच वर्षं मुख्य रस्ता दोन वर्षांच्या एम.फिल.चा राहिला आणि ज्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे होते, १९९२ च्या कायद्याने. सोशल वर्क आणि कौन्सेलिंगमधूनही लोक येतात. हा पाया झाला की मग त्यावर लैंगिकतेचं वेगळं ट्रेनिंग.

आणि हे वेगळं ट्रेनिंग आपल्या देशात एका सरकारी शिक्क्याखाली बांधलेलं नाही, अडचण इथेच आहे. हाडांचा डॉक्टर व्हायला कोणती डिग्री लागते हे ठरलेलं आहे, पण "मी सेक्स थेरपिस्ट आहे" असं म्हणायला अमुकच कोर्स पाहिजे असं कोणी ठरवून दिलेलं नाही. कौन्सेलर ह्या शब्दाचंही तेच, २०२१ मध्ये आरोग्य क्षेत्रातल्या सहयोगी व्यावसायिकांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला त्यात कौन्सेलर लोकांचाही समावेश केलाय, पण तो प्रत्यक्ष उतरायचं काम अजून चालूच आहे. त्यामुळे तीन वर्षं रात्रंदिवस वॉर्डात घालवलेला माणूस आणि शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट फ्रेम केलेला माणूस, दोघांचेही बोर्ड बाहेरून सारखेच दिसतात. मला ह्या गोष्टीचा खरंच त्रास होतो, कारण पेशंट बोर्ड बघूनच जिना चढतो.

बाहेर कसं असतं ते माहीत असलेलं बरं, तुलनेला काहीतरी पाहिजे ना. अमेरिकेत आसेक्ट नावाची संस्था आहे, १९६७ पासूनची. तिचं सेक्स थेरपिस्टचं प्रमाणपत्र पाहिजे तर आधी थेरपीतली मास्टर्स किंवा त्यावरची डिग्री आणि लायसन्स, मग मानवी लैंगिकतेचा ९० तासांचा अभ्यास, सेक्स थेरपीचं ६० तासांचं ट्रेनिंग, मग पेशंटसोबत ३०० तास काम आणि त्या कामावर ५० तासांचं सुपरव्हिजन. शेवटच्या दोन आकड्यांकडे नीट बघा. वर्गातल्या तासांपेक्षा पेशंटसमोरचे तास दुप्पट आहेत, आणि त्या तासांत दुसरं कोणीतरी अनुभवी माणूस तुमचं काम सतत तपासत असते. युरोपात डॉक्टरांसाठी लैंगिक वैद्यकाची वेगळी परीक्षाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९७५ मध्येच एक अहवाल काढून सांगितलं होतं की डॉक्टर-नर्स मंडळींना लैंगिकतेचं शिक्षण मुद्दाम द्यावं लागेल, ते आपोआप येत नाही. आपल्याकडे सध्या शिकायचं ते असं तुकड्यातुकड्यांनी: मानसोपचाराच्या एमडीत थोडं, एम.फिल.मध्ये थोडं, मुंबईत-पुण्यात वर्कशॉप, परदेशी संस्थांचे ऑनलाइन वर्ग, आणि मग ज्याला हे काम येतं अशा माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं बसणं.

पण त्या मुलीला मी सगळ्यात आधी हे काहीच सांगितलं नाही. मी तिला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, शरीराच्या खालच्या भागांची आणि नवरा-बायकोत जे काही होतं त्याची नावं लिही, तुझ्या घरी बोलतात त्या मराठीत. ती बराच वेळ बघतच राहिली.

हे माझं स्वतःचं नाही, माझ्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच सकाळी आम्हाला असाच कागद मिळाला होता. वीस-बावीस जण होतो, निम्मे डॉक्टर, आणि मी खरं सांगते, खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मराठीत आपल्याकडे ह्या गोष्टींसाठी तीन प्रकारचे शब्द आहेत, एक तर शिव्यांमधले, दुसरे पाठ्यपुस्तकातले संस्कृत आणि तिसरे इंग्रजी. शिवीतला शब्द दवाखान्यात वापरता येत नाही. शिश्न, योनी, हस्तमैथुन हे शब्द बरोबर आहेत पण इतवारीतल्या दुकानदाराला नाहीतर कळमेश्वरच्या शेतकऱ्याला "शिश्नाला ताठरता येते का" असं विचारलं तर तो नुसती मान हलवतो, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून ते तुम्हाला कळत नाही. इंग्रजी शब्द अर्ध्यांना कळतात आणि उरलेले अर्धे कळल्यासारखं करतात. नंतर शिकवणाऱ्या मॅडमनी आम्हाला ते शब्द मोठ्याने म्हणायला लावले, एकेकाला, समोरच्याच्या डोळ्यात बघून. काही जण हसले, एक सर उठून पाणी प्यायला गेले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला इथे, सगळे आपलेच असताना म्हणता येत नाही, मग ज्याला सात वर्षांपासून हा त्रास आहे त्याने तुमच्यासमोर कसं म्हणायचं?" माझ्या मते सगळ्या ट्रेनिंगचं मूळ ह्या एका वाक्यात आहे. बाकीची माहिती पुस्तकात मिळते. समोरच्याला लाज वाटणार नाही असं विचारणं आणि उत्तर ऐकताना आपला चेहरा जागेवर ठेवणं, हे कोणीतरी करून घेतल्याशिवाय येत नाही.

कारण पेशंट आपला शब्द घेऊन येतो. "मॅडम, लहानपणी चूक झाली, आता पावर नाही राहिली." ह्या एका वाक्यात दोन कुलपं आहेत. चूक म्हणजे काय? बहुतेक वेळा हाताने केलेलं, म्हणजे हस्तमैथुन, जे चूकही नाही आणि ज्याने पावर जातही नाही, पण त्याच्या मनात ते पंधरा वर्षं पापासारखं बसलेलं असतं. आणि पावर म्हणजे? ताठरपणा येत नाही, की येतो आणि लगेच जातो, की वीर्य लवकर पडतं, की इच्छाच होत नाही, की दिवसभर बारा तास उभं राहून माणूस नुसता थकलेला आहे? कमजोरी ह्या एका शब्दाखाली ह्या पाचही गोष्टी येतात आणि पाचांचा इलाज वेगवेगळा आहे. "धात जाते" म्हणणारे तर इतके असतात की डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये त्याचं वर्णन करून धात सिंड्रोम हे नावच दिलं. वीर्य गेलं म्हणजे शरीरातला सत्त्वांश गेला ह्या समजुतीतून येणारी थकवा, भीती, उदासी, असं ते दुखणं आहे. बायका वेगळ्या शब्दांत येतात. "कंबर दुखते", "अंगावरून पांढरं जाते", आणि दहा मिनिटांनी, पर्स उघडझाप करत, "यांचं फार असते हो." फार असते म्हणजे नुसती जास्त इच्छा, की तिचं नाही म्हणणं ऐकलंच जात नाही? हे विचारायला शिकावं लागतं, आणि नवरा बाहेर बसलेला असताना विचारायला शिकावं लागतं. म्हणूनच जोडपं आलं तरी दोघांना एकदा तरी वेगवेगळं भेटायचं असा आम्हाला नियम शिकवतात, घरात मारहाण किंवा जबरदस्ती असेल तर तिथे आधी सुरक्षिततेचं काम असतं, जवळीक वाढवायचे व्यायाम तिथे द्यायचे नसतात.

विचारायचीसुद्धा पद्धत असते. "तुम्हाला संबंधात काही प्रॉब्लेम आहे का?" असं धाडकन विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही, सगळं ठीक आहे." तेच "शुगर सुरू झाली की बऱ्याच जणांना संबंधाच्या वेळेस अडचण येते, तुमच्याकडे तसं काही जाणवलं का?" असं विचारलं की माणूस जरा पुढे सरकून बसतो. जॅक ॲनन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये चार पायऱ्यांची एक रचना मांडली, ती आजही सगळीकडे शिकवतात. पहिली पायरी परवानगीची, म्हणजे ह्या विषयावर इथे बोललेलं चालतं आणि तुम्ही काही वेगळे-विचित्र नाही एवढं समोरच्याला जाणवू देणं. दुसरी, त्याच्यापुरती गरजेची माहिती. तिसरी, त्याच्या अडचणीला धरून नेमक्या सूचना. चौथी, खरी सखोल थेरपी. ह्या रचनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही की बहुतेकांना चौथ्या पायरीपर्यंत जावंच लागत नाही. वरच्या "लहानपणी चूक झाली" वाल्या माणसाला पुष्कळदा पहिल्या दोन पायऱ्यांवरच हलकं वाटायला लागतं. म्हणून पहिल्या दोन पायऱ्या नर्सला, फॅमिली डॉक्टरला, शुगरच्या डॉक्टरला सगळ्यांनाच शिकवता येतील, पूर्ण ट्रेनिंग लागतं ते चौथीसाठी.

हे सगळं सुरू कुठून झालं ते थोडक्यात. सेंट लुईस शहरात विल्यम मास्टर्स हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९५७ पासून संभोगाच्या वेळी शरीरात नेमकं काय होतं ते प्रयोगशाळेत मोजलं आणि १९७० मध्ये उपचारांची पद्धत मांडली. दोष एकाचा नाही, पेशंट म्हणजे जोडपं, ही कल्पना त्यांनी रुजवली. त्यानंतर न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञ हेलन सिंगर कॅप्लन यांनी सांगितलं की उत्तेजनाच्या आधी इच्छा नावाचा एक टप्पा आहे आणि तिथेच अडलेली माणसं वेगळी ओळखावी लागतात. पण आपल्या मराठी मुलखात ह्या सगळ्याच्या कितीतरी आधी र. धों. कर्वे होऊन गेले, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र, १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिक, लोकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं देतात म्हणून अश्लीलतेचे खटले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. नागपूरकरांना तरी हे माहीत असायला पाहिजे असं मला फार वाटतं. पुढे मुंबईतच डॉ. महिंदर वत्स यांनी फॅमिली प्लॅनिंग असोसिएशनमधून लैंगिक समुपदेशनाचं काम आणि शिक्षण उभं केलं, केईएममध्ये डॉ. प्रकाश कोठारींनी लैंगिक वैद्यकाचा विभाग चालवला. म्हणजे परंपरा आहे आपल्याकडे, फक्त ती कॉलेजांच्या अभ्यासक्रमात पुरेशी उतरली नाही.

आता शरीराचा भाग, कारण फक्त मनाचं शिकून ह्या कामात चालत नाही. माझ्यासारखीला औषध लिहायचा अधिकार नाही, तरी कोणाला डॉक्टरकडे आधी पाठवायचं हे मला डॉक्टरइतकंच पक्कं माहीत पाहिजे. पन्नाशीच्या आसपासचा माणूस म्हणतो की वर्षभरापासून ताठरपणा हळूहळू कमी होत गेला, सकाळी उठल्यावरही येत नाही, सिगारेट आहे, पोट आहे. अशा वेळी बायकोशी पटते का, टेन्शन आहे का ह्या चर्चेत दोन महिने घालवले तर तो माझा गुन्हा ठरेल, कारण तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्या आधी तुंबतात, आणि हा त्रास हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली सूचना असू शकतो. त्याची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल आधी बघायचं. आणि एक प्रश्न कधीच विसरायचा नाही: "छातीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी घेता का?" कारण सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी आणि सिल्डेनाफिल, म्हणजे १९९८ पासून बाजारात आलेली ती निळी गोळी, दोन्ही एकत्र गेल्या तर बीपी इतकं खाली येऊ शकतं की जीव जाईल. ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायची असते पण लोक मित्राकडून घेतात, आणि ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. उलट बाजूही आहे, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते किंवा शेवटाला पोचायला फार वेळ लागतो, पेशंट सांगत नाही आणि गुपचूप गोळ्या बंद करतो, मग डिप्रेशन परत. सकाळी उठताना येतं, एकटं असताना येतं, फक्त बायकोजवळ येत नाही, असं असेल तर मात्र गोष्ट बहुतेक माझ्या खोलीतली आहे.

आणि त्या खोलीतलं काम कसं शिकतात हे सांगायला मला माझीच एक केस सांगावी लागेल, तपशील बदलून. लग्नाला तीन वर्षं झालेलं जोडपं, नंदनवनकडचं, तो हिंगण्याला एमआयडीसीत शिफ्टमध्ये. संबंध एकदाही झालेला नव्हता, तिच्या योनीमार्गाचे स्नायू भीतीने आपोआप आवळायचे, फार दुखायचं, आणि घरून मूल कधी, मूल कधी चाललेलं. तिने ते मुद्दाम केलेलं नसते हे नवऱ्याला समजावण्यातच दोन भेटी गेल्या, डोळ्याजवळ अचानक काही आलं की पापणी मिटते तसं ते आहे. मग मी शिकले होते तसे स्पर्शाचे व्यायाम दिले. मास्टर्स-जॉन्सनचीच ही पद्धत: काही आठवडे संबंधाला पूर्ण बंदी, आधी फक्त हात, पाठ, केस, चेहरा, आळीपाळीने, कुठेही पोचायचं नाही, नुसतं कसं वाटतं तिकडे लक्ष. बंदीमुळेच परीक्षेची भीती जाते. माणूस संबंधाच्या वेळी स्वतःकडेच बाहेरून बघत असतो, होईल का, टिकेल का, दुखेल का, आणि तो बघत राहिला की शरीर काम करत नाही, ते बघणं सुटावं म्हणून हे सगळं. मी सांगितलं, आठवड्यातून तीनदा, अर्धा-पाऊण तास, दार लावून.

पहिल्या आठवड्यात "नाही झालं मॅडम." दुसऱ्या आठवड्यातही नाही. मी माझ्या नोंदीत लिहिलं, दोघांची तयारी कमी दिसते, विरोध आहे. ती नोंद घेऊन सुपरव्हिजनला गेले. माझ्या सुपरव्हायजर मॅडमनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि एकच विचारलं, "रात्री कोण कुठे झोपतं त्यांच्याकडे?"

मला माहीत नव्हतं. एप्रिल संपत आला होता, पारा चव्वेचाळीसच्या वर, नागपूरचा उन्हाळा. पुढच्या भेटीत विचारलं. दोन खोल्या, एक कूलर, तो समोरच्या खोलीत, आणि त्या खोलीत सासू, नणंद, हे दोघं, सगळे ओळीने गाद्या टाकून. मागच्या खोलीत पत्र्याखाली रात्री बाराला पण बसवत नव्हतं. आणि मी त्यांना दार लावून पाऊण तास सांगितला होता, वर त्यांच्या मनाची तयारी नाही असं लिहून ठेवलं होतं. मास्टर्स-जॉन्सनकडे जोडपी घरदार सोडून दोन आठवडे राहायला यायची, रोज थेरपी, बाकी काही काम नाही, दाराला कडी. ती पद्धत मी त्या खोलीसकट उचलून नंदनवनात नेली होती. त्या दिवसापासून "रात्री कोण कुठे झोपतं" हा प्रश्न माझ्या पहिल्या भेटीत असतो, आणि जे माझ्याकडे शिकायला बसतात त्यांच्याही.

मग आम्ही तिघांनी बसून शोधलं. त्याची रात्रपाळी असली की तो दिवसा घरी, मंगळवारी दुपारी सासू भजनी मंडळात, नणंद कॉलेजला. वीस मिनिटं मिळत होती, तीही सकाळी खिडकीला ओला पडदा लावून ठेवला तर. वीस मिनिटांवर आम्ही काम केलं. सोबत स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी तपासून काही आजार नाही ह्याची खात्री केली, फिजिओथेरपिस्टने तिला ते स्नायू ओळखून सैल सोडायला शिकवले, मग तिने स्वतः, स्वतःच्या हाताने, लहान मापाच्या डायलेटरपासून, म्हणजे योनीमार्गात हळूहळू घालायच्या गुळगुळीत नळीपासून सुरुवात केली. दिवाळीपर्यंत दुखणं गेलेलं होतं. ह्यात माझी कामगिरी किती असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, चार जणांना एका दिशेने चालतं ठेवणं, आणि तो एक प्रश्न, जो मला दुसऱ्याने विचारायला शिकवला.

सुपरव्हिजन म्हणजे हेच. केसेस घेऊन अनुभवी माणसापुढे बसायचं, जमलं तर शब्दाला शब्द, मी काय बोलले, ते काय बोलले, तेव्हा मला काय वाटलं. "मला काय वाटलं" हे महत्त्वाचं, कारण आपण सगळे आपापल्या घरातून काहीतरी शिकून आलेलो असतो, पोर्न, विवाहबाह्य संबंध, समलिंगी जोडपं, साठीनंतरची इच्छा, यातलं काहीतरी एक आपल्यालाही टोचतं. त्यासाठी ट्रेनिंगमध्ये एक-दोन दिवसांचं वेगळं सत्रच असतं, स्वतःच्या मतांकडे बघायचं, मोठ्या गटात. कोणाची मतं बदलायला ते नसतं, माझी अढी कुठे आहे ते मला पेशंटच्या आधी कळावं एवढ्यासाठी असतं. माझी अढी वयस्कांबद्दल होती. अडुसष्ट वर्षांचे एक काका पत्नी गेल्यानंतरच्या एकटेपणाबद्दल बोलत होते आणि मी दोनदा विषय झोपेवर नेला, हे मला नोंद वाचताना दिसलं. समलिंगी असण्याबद्दल तर आता मतांचा प्रश्नच उरलेला नाही, तो आजार नाही हे इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, तो गुन्हाही नाही असा सुप्रीम कोर्टाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला आला, आणि "बदलून देतो" असा उपचार करणं म्हणजे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलंय. तरीही आईवडील मुलाला धरून आणतात, तेव्हा थेरपी बहुतेक आईवडिलांची करावी लागते.

कायद्याचाही अभ्यास असतो. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने पेशंटच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क आहे, नवऱ्याने एकट्याने सांगितलेलं मी बायकोला त्याच्या परवानगीशिवाय सांगू शकत नाही. पण अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मला कळवावंच लागतं, आणि ही मर्यादा पहिल्या भेटीतच सांगायची असते, नंतर सांगितली तर तो विश्वासघात होतो.

त्या मुलीला मी शेवटी म्हटलं, आधी क्लिनिकलचं शिक्षण पूर्ण कर, मेडिकल कॉलेजच्या नाहीतर मनोरुग्णालयाच्या ओपीडीत बसायला मिळालं तर बस, डिप्रेशन आणि एन्झायटी ओळखता येऊ दे, मग ह्या विषयाकडे ये, आणि तोवर तो कागद भर. ती जरा नाराज झाली, तिला तीन महिन्यांचं काहीतरी पाहिजे होतं. पण पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला की कागद भरला, आईला विचारून भरला, आईला तिच्यापेक्षा जास्त शब्द येतात.

आणि पेशंट म्हणून वाचत असाल तर तुम्ही काय करायचं ते सांगते. रेल्वे लाइनीच्या भिंतींवर, बस स्टँडच्या मुतारीत "गुप्तरोग, शर्तिया इलाज" असं जे लिहिलेलं असतं ती जाहिरात करणंच १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याने गुन्हा आहे, लैंगिक शक्ती वाढवून देतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही, मग ते कागदी स्टिकर असो की मोबाईलवर येणारा व्हिडिओ. ज्यांच्याकडे जाल त्यांना सरळ विचारा: तुमची मूळ डिग्री कोणती, नोंदणी कुठे आहे, ह्या विषयाचं ट्रेनिंग कोणाकडे घेतलं, अजून कोणाकडे सुपरव्हिजन घेता का, गरज पडली तर कोणत्या डॉक्टरकडे पाठवता. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा नंबर मागा, डॉक्टर असेल तर मेडिकल कौन्सिलचा, हे दोन्ही ऑनलाइन तपासता येतात. नीट शिकलेल्या माणसाला ह्या प्रश्नांचा राग येत नाही, तो दोन मिनिटांत उत्तर देतो. पहिल्या भेटीत तो तुमच्या शुगरबद्दल, गोळ्यांबद्दल, झोपेबद्दल, घरात कोण कोण आहे त्याबद्दल विचारेल, आणि तुम्ही तुमच्या शब्दात सांगितलेलं कळलं नाही तर "म्हणजे नेमकं काय होतं?" असं परत विचारेल. ह्यातलं काहीच न विचारता दहा मिनिटांत चूर्णाचा डबा, तेलाची बाटली आणि तीन महिन्यांचं पॅकेज टेबलावर आलं, आजच ॲडव्हान्स भरा म्हणाले, तर दिलेली फी तिथेच सोडा आणि उठून या.